केकताडाचं वर्ष

भाद्रपद कोरडा गेला की माझ्या मनगटांना खाज सुटते. डॉक्टरांना दाखवून झालं. त्यांनी मलम लिहून दिलं, ॲलर्जी आहे म्हणाले, आणि मी मान हलवून घरी आले. खाज कशाची आहे ते मला पक्कं ठाऊक आहे. केकताडाचा हिरवा रस एकदा कातडीत मुरला की दर कोरड्या भाद्रपदात तो जागा होतो, असं माझं म्हणणं आहे. डॉक्टरांचं काय असेल ते असो.

यंदाही तेच. तूर गुडघ्याला यायच्या आत पिवळी पडली. आभाळ रोज दुपारनंतर लिंबागणेशच्या बाजूला काळं होतं, सगळ्यांना अंगणात यायला लावतं आणि तसंच निघून जातं. मी दुकानात बसून रस्त्याकडे बघते. मुकादमांच्या मोटारसायकली फिरू लागल्यात. खिशात वही, गळ्यात रुमाल, आणि बोलणं असं गोड की चहात साखर कमी पडावी. ऊसतोडीची माणसं हेरत ते वस्त्या-वस्त्यांवरून हिंडतात. त्यांना बघितलं की माझा हात आपोआप मनगटावर जातो.

दुष्काळाविषयी बोलताना लोक आवाज खाली आणतात, मयताला आल्यासारखा. शहरातून कोणी आलं की भेगा पडलेल्या जमिनीचा फोटो काढतं, हंडा घेतलेल्या बाईचा काढतं, आणि आमच्याकडे असं बघतं की आपणच मेलो आहोत की काय अशी शंका यावी. मला या रडक्या सुराचा मनस्वी कंटाळा आहे. मला केकताडाचा रस पहिल्यांदा लागला त्या वर्षी आमच्याकडे विहिरी आटल्या, बोअर आटले, ओढा तर आधीच नावापुरता होता. पण बांधावर केकताड उभं होतं. हिरवंगार, जाडजूड, प्रत्येक पानाच्या टोकाला काटा. त्याचा फोटो कोणी काढला नाही.

केकताड म्हणजे पुस्तकातलं घायपात. ते कोणी लावत नाही, त्याला कोणी पाणी घालत नाही. जनावर तोंड लावत नाही. कुंपणाला बरं म्हणून राहू द्यायचं, एवढाच त्याचा मान. त्या साली मी त्याच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं आणि मनात म्हटलं, हे झाड माझ्या स्वभावाचं दिसतं.

शाळेच्या हेडमास्तरांनी श्रावणात पालकांची कार्यशाळा ठेवली होती. आमच्या गावात दिवाळी झाली की वर्गातली निम्मी पोरं गायब होतात. आई-बाप ऊस तोडायला लांब जातात, पोरं त्यांच्याबरोबर फडावर जातात आणि होळीला परत येतात तेव्हा पाढे विसरून आलेली असतात. हेडमास्तर म्हणायचे, पोरं थांबवायची तर आधी आई-बाप थांबले पाहिजेत. म्हणून त्यांनी सातवीची मोठी खोली मोकळी केली, तालुक्याहून धंदा शिकवणाऱ्या एक बाई बोलावल्या आणि पोरांच्या हाती घरोघर चिठ्ठ्या धाडल्या. पालक म्हणून आल्या त्या सगळ्या आयाच. बापांनी खिडकीतून डोकावून बघितलं आणि हसत हसत पाराकडे गेले.

मीही गेले. तसं मला जायचं कारण नव्हतं. आम्ही वाणी, शंकराचे भक्त, गावात किराणा दुकान. पण दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, माझा मुलगा चौथीत होता, आणि घरात सासूबाईंचं नि माझं रोज वाजत होतं. निघताना त्या म्हणाल्या, "जायचं तर जा. पण लांब बस." कोणापासून लांब, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आमच्यासारख्या घरांत असलं न सांगताच कळतं.

तालुक्याच्या बाईंनी पहिल्या दिवशी पापड, लोणची, अगरबत्त्या, शिवणकाम यांची यादी फळ्यावर लिहिली. अक्षर फार सुरेख. मागच्या रांगेतून मंगल उभी राहिली.

"बाई, पापडाला पानी लागतं. लोनच्याला कैरी लागती. हितं जे न्हाईच ते कावून सांगताव? जे हाय ते सांगा की."

बाईही काही कमी नव्हत्या. खडू मंगलपुढे धरत म्हणाल्या, "तुम्ही सांगा. इथं काय आहे?"

मग कोणीतरी पदराआडून म्हणालं, "केकताड हाय." सगळ्या पोट धरून हसल्या. मंगल हसली नाही. ती खिडकीतून बांधाकडे बघत राहिली, आणि मग म्हणाली, "त्याचा दोर व्हतो."

मंगलविषयी सांगायला हवं. ती माझ्याच वयाची. दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा फडावर उसाच्या गाडीखाली सापडून गेला. ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटी बाई म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्याला मुकादम विचारत नाही. म्हणून दोन वर्षं ती कधी भावाबरोबर, कधी चुलत्याबरोबर जोडी लावून गेली. तिची पोरगी त्या दोन्ही वर्षी आईमागं गेली आणि फडावर दुसऱ्यांची तान्ही लेकरं सांभाळत बसली. आता पोरगी सातवीत होती. मंगलच्या दिराची बायको कंबर धरून बसली होती, त्याला जोडी हवी होती, आणि घरच्यांनी मंगलला न विचारता तिचं नाव त्याच्यापुढे लावून टाकलं होतं. मंगलनं दिराला एवढंच सांगितलं, "दसऱ्यापस्तोर थांबा. मंग सांगते." दसऱ्यापर्यंत गावात हाताला काम उभं राहिलं तर ती राहणार होती, नाहीतर ट्रॅक्टरवर चढणार होती. वर्गातल्या सगळ्यांना हे ठाऊक होतं. म्हणून केकताडाचं नाव निघाल्यावर आम्ही हसलो आणि ती हसली नाही.

दोर वळणारं गावात एकच माणूस उरलं होतं. मातंग वस्तीतले दगडूनाना. एके काळी पोळ्याच्या आदल्या दिवशी त्यांच्या घरची माणसं नवे कासरे, नवी दावी घेऊन घराघराला द्यायची. अंगणाबाहेर ठेवायची आणि सुपातून वरून ओतलेलं धान्य फडक्यात झेलायची. मग बाजारात नायलॉन आलं आणि ते सगळं बंद पडलं. धान्य बंद पडलं तेवढ्या लवकर अंगणाबाहेरची रेघ मात्र बंद पडली नाही.

हेडमास्तर स्वतः जाऊन नानांना घेऊन आले. त्यांच्यासाठी खुर्ची मांडली होती. नानांनी खुर्चीकडे बघितलं, मग आम्हा सगळ्यांकडे.

"खुर्चीत बसून दोर वळत न्हाई, मास्तर," ते म्हणाले आणि सरळ फरशीवर बसले. बसले तेही आमच्याकडे पाठ करून. "समूरून बघचाल तर उलटं दिसंल. माज्या पाठीमागं बसा, खांद्यावरून बघा."

बाया सरकत सरकत त्यांच्या मागं जाऊन बसल्या. मंगल तर अगदी खांद्याला लागून. मी दारात बसले, उंबऱ्याशी, त्यांच्या समोर. भांडखोर म्हणून माझी सात गावांत ख्याती, सासऱ्यांना तोंडावर बोलणारी सून म्हणून माहेरपर्यंत तक्रारी गेलेल्या, पण सासूबाईंचं ते एक वाक्य मी मुकाट्यानं पाळलं. आजही आठवलं की माझी मलाच चीड येते. नानांनी माझ्याकडे एकदा बघितलं.

केकताडाचा वाख काढायचा म्हणजे पानं आठवडाभर पाण्यात कुजवावी लागतात, मग ती धोपटायची, की पांढरे धागे सुटे होतात. आमच्याकडे प्यायलाच टँकरचं पाणी. नाना म्हणाले, "पानी न्हाई तर न्हाई. ताजंच खरवडू. मेहनत दुप्पट व्हईल, पर वाख निघंल." मग पहाटे पानं कापून आणायची, काटे छाटायचे, फळीवर पान धरून बोथट लोखंडी पट्टीनं खरवडायचं. हिरवा रस कोपरापर्यंत ओघळायचा. दुसऱ्या दिवशी सगळ्यांचे हात लाल, फोड आलेले. खाजवायचं नाही, खाजवलं की वाढतं. धुवायला पाणी नाही. मी दुकानातून खोबरेल तेलाची बाटली नेली आणि ती वर्गात हातोहात फिरली. त्या रसाला एक वास असतो, कच्चा, उग्र, कापलेल्या गवताला कोणी रागावल्यासारखा. शाळेच्या भिंतीवर वाख वाळत पडायचा, लांब, पांढरा, चमकदार. पोरं त्याच्या दाढ्या लावून परवचा म्हणायची.

ते दिवस मला फार आवडले होते, हे सांगायला मी कचरत नाही. दुष्काळात आवडलं म्हणणं बरं दिसत नाही, पण आवडले होते. नारायणगडाच्या वारीला जाताना जशा बाया बोलत्या होतात तशा त्या खोलीत झाल्या होत्या. खरवडण्याचा खर्र खर्र आवाज, मध्येच हसू, मध्येच कोणाच्या तरी सासूचा उद्धार. पोटरीवर तरटाचा तुकडा बांधून त्यावर वाख वळायचा, एकेक पेड तयार करायचा, आणि मग वेणीसारखे तीन पेड एकत्र घालून दोर.

पोळ्याच्या सुमारालाच गावाबाहेर चारा छावणी लागली होती. त्या वर्षी बैलांचा सण छावणीतच झाला, झूल नाही, गोंडे नाहीत, शिंगांना नुसता हिंगूळ. छावणी आमच्या गावच्या सोसायटीची, म्हणजे चेअरमनची. एवढ्या जनावरांना बांधायचं तर दावी हवीतच. मंगल, हेडमास्तर आणि मी त्यांच्याकडे गेलो. चेअरमन खाटेवर बसून शेंगदाणे सोलत होते. त्यांनी आमचं ऐकलं, नानांनी वळलेलं एक दावं ओढून बघितलं, आणि दहा दिवसांत शंभर द्या म्हणाले. "बघू," असंही म्हणाले. त्या बघूकडे आम्ही कानाडोळा केला. परतताना मंगल माझ्या पुढं पुढं चालत होती आणि तिच्या पाठीवरून कळत होतं की ती हसतेय.

आता माझी अक्कल कामाला लागली. तालुक्याच्या बाईंनी कामाची वाटणी करायला शिकवलं होतं, आणि मी दुकानदाराच्या घरची, मला वाटण्या चांगल्या जमतात. मी ठरवलं, वाख घरोघर वाटायचा, जिचा हात भरभर चालतो तिनं पेड वळायचे, आणि शाळेत मंगल नि चौघींनी ते घालून दोर करायचा. सगळ्यांत भरभर हात माझा. का नसणार? लग्नाला बारा वर्षं झाली होती आणि बारा श्रावण मी देवाच्या वाती वळत होते. शंकराला लक्ष वाती वाहायचा आमच्या घरचा नेम. कापसाचा पेळू गुडघ्यावर घ्यायचा, हात आपल्याकडे ओढायचा, झाली वात. वाखाचंही तसंच करायचं. दारातून मी नानांचा हात बघितला होता, तोही मला माझ्याकडेच येताना दिसला होता. मला वाटलं, वाः, हे तर आपल्याला येतंच. सासूबाई देवळात गेल्या की मी वळत बसायची. निम्म्याअधिक दाव्यांत माझे पेड होते.

दावी दिली. छावणीत बांधली गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी, धारा काढायच्या वेळेला, गावात हाकाटी झाली.

दावी उलगडली होती. तुटली नव्हती, उलगडली होती. जनावरानं मान हलवावी, खुंट्याला अंग घासावं, आणि दोराचे पेड एकमेकांना सोडून मोकळे व्हावेत. पंचवीसेक जनावरं सुटून कडब्याच्या गंजीत शिरली होती. एक म्हातारी गाय गंजीच्या मधोमध उभी राहून अशा शांतपणे खात होती की जेवणावळीचं आमंत्रण तिलाच होतं. माणसं धावत होती, शिव्या देत होती, पोरं टाळ्या पिटत होती. आम्ही पोचलो तेव्हा चेअरमन मधोमध उभे होते आणि त्यांच्या हातात आमचं दावं होतं, तीन ठिकाणी फुललेलं.

"बायांनी वाती वळाव्या," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "दोर वळनं बाप्याचं काम हाय. आजपून नायलॉन."

लोक हसले. पारावरचे बाप सगळ्यांत जास्त हसले. मंगलनं खाली वाकून उलगडलेली दावी गोळा केली, एकेक, शेणातूनसुद्धा, आणि कवळा भरून शाळेत आणली.

नानांनी एक दावं हातात घेतलं, अंगठ्यानं पेड वेगळा केला, डोळ्यांजवळ नेला. मग दुसरा. तिसरा.

"हे दोन पेड बराबर हायेत," ते म्हणाले. "ह्यो तिसरा उलटा हाय. पीळबी कच्चा. ही वात हाय, दोर न्हाई." आणि मग हळूच, "कुनाच्या हातचा?"

मी म्हणू शकले असते की कोणाचा ते कळणार कसं. दुकानात खोटं बोलायची सवय नाही असंही नाही.

"माझा," मी म्हणाले.

मंगल माझ्याकडे वळली. आजवर ती मला वैनी म्हणायची, अहो-जाहो करायची. दुकानातल्या बाईशी गाव तसंच बोलतं.

"तुजं दुकान हाय," ती म्हणाली. "दोर उलगडला तर तू दुकानात जाऊन बसशील. मी कुटं बसू? सांग की. त्या ट्रॅक्टरवर? माजी पोरगी कुटं बसंल?"

मी घरी आले, जेवले नाही, आणि संध्याकाळी मनात सगळा हिशेब मांडून बघितला. वातीची सवय हे खरं, पण पुरतं खरं नाही. बाकीच्या बायाही वाती वळतात, त्यांचे पेड सरळ होते. त्या नानांच्या पाठीमागं बसल्या होत्या. मी समोर बसले होते, लांब. नानांचा हात त्यांच्यापासून पुढं जात होता आणि मला तो माझ्याकडे येताना दिसत होता. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, समोरून उलटं दिसेल. मी ऐकलं आणि तरी दारातच बसले. मंगलच्या पोरीचं वर्ष माझ्या त्या अंतरानं उलगडायला काढलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी दोन गोष्टी केल्या. उलगडलेलं एक दावं आणून दुकानात नायलॉनच्या गुंडाळ्यांशेजारी खिळ्याला टांगलं. सासरे म्हणाले, "काढ ते, लोक हसतेत." मी म्हटलं, "हसू द्या. मी वळलंय. कोणी विचारलं तर माझं नाव सांगा." आणि शाळेत जाऊन मी सरळ खोलीच्या आत गेले. नाना खरवडत होते. त्यांनी वर न बघता म्हटलं, "वैनी, तुमी तवा समूर बसल्या व्हत्या. आता मागं या."

मी मागं बसले, इतकी जवळ की त्यांच्या सदऱ्याला येणारा तंबाखूचा वास मला आला. त्यांच्या खांद्यावरून पहिल्यांदा तो हात नीट बघितला. पुढं. दाबून पुढं. हात सुटू न देता पुढं.

बारा श्रावणांची सवय चार दिवसांत जात नाही. जरा लक्ष गेलं की माझा हात मागं यायचा. मग मंगल समोरून नुसतं "हं" म्हणायची. बोलत नव्हती माझ्याशी, पण हं म्हणायची. शेवटी नाना म्हणाले, "घरी वाती वळनं बंद करा. एका हाताला दोन रस्ते ठाऊक नगंत." मी घरी सांगून टाकलं की दिवाळीपर्यंत मी वात वळणार नाही. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. देव अंधारात बसेल म्हणाल्या. मी म्हटलं, देवाला जरा अंधाराची सवय होऊ द्या, गावाला झालीच आहे. त्या आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि स्वतः वाती वळत बसल्या. मी कोणाच्या मागं बसले होते ते त्यांना कळलं होतं, पण त्याबद्दल त्या चकार शब्द बोलल्या नाहीत. मीही लपवलं नाही.

घटस्थापना होऊन गेली. शंभर दावी नव्यानं वळली. या वेळी घरी कोणी काही नेलं नाही, सगळं त्या खोलीत, एकमेकींच्या हाताकडे बघत. चेअरमनकडे जायची वेळ आली तेव्हा मंगल म्हणाली, "त्येला कशाला इचारायचं? जनावरं त्येची हायेत का?"

आम्ही त्याला विचारलंच नाही. छावणीत भर दुपारी शिरलो. नायलॉननं जनावरांच्या माना सोलून निघाल्या होत्या, माश्या बसत होत्या, मालक हळद लावून लावून कंटाळले होते. आम्ही एकेका मालकापुढं दावं टाकलं. ओढा म्हटलं. दोघादोघांनी ओढलं. एकानं पायात अडकवून ओढलं आणि तोच आपटला. ज्यांच्या गाईच्या मानेला जखम होती त्यांनी आधी घेतली, मग बाकीच्यांनी. चेअरमन मांडवातून बघत होते. पुढं आम्ही आमची स्वतःची छोटी सहकारी संस्था नोंदवली तेव्हा, एका गावात दोन सोसायट्या कशाला, असा अर्ज त्यांनी वर दिला होता. तो अर्ज वर कुठंतरी पडून असेल.

दसऱ्याच्या दिवशी मंगलनं दिराला आपट्याचं पान दिलं आणि सांगितलं, "मी येनार न्हाई." त्यानं आरडाओरडा केला. घरच्यांनी वाळीत टाकल्यासारखं वागायला सुरुवात केली, तिची चूल वेगळी झाली. ती रोज खोलीत येऊन वाख खरवडत बसायची. माझ्याशी ती एकेरीतच बोलत राहिली, आणि मला ते फार बरं वाटायचं.

दिवाळीनंतर ट्रॅक्टर आला. दीर शेवटी गावातल्याच एका विधुर माणसाबरोबर जोडी लावून निघाला होता. ट्रॉलीवर गाव चढलं. पत्रे, बांबू, पेट्या, पिठाची पोती, कोंबड्यांचे खुराडे, त्यावर माणसं, त्यावर लेकरं. सगळा बोजा नायलॉननं आवळला होता. शाळेच्या वळणावर चढ आहे. तिथं ट्रॅक्टरनं हिसका दिला, नायलॉनची गाठ सरकली आणि निम्मा बोजा रस्त्यावर आला. मुकादम शिव्या घालू लागला. दोनदा बांधलं, दोनदा सरकलं. आम्ही खोलीच्या दारात उभ्या.

दीर खाली मान घालून आला. मंगलपुढं उभा राहिला.

"वैनी, एखादा मोठा दोर हाय का?"

मंगलनं आत जाऊन सगळ्यांत लांब दोर आणला. त्याच्या हातात दिला नाही. पदर खोचला, ट्रॉलीच्या चाकावर पाय देऊन वर चढली आणि स्वतः बोजा आवळू लागली. एवढं गाव बघत होतं. ती त्या पोत्यांवर, पेट्यांवर पाय रोवून उभी होती. ती नेहमी जिथं बसायची, तिथंच ती होती. दीर खालून म्हणाला, "वैनी, आता चढलाच हाव तर बसा की वरच."

मंगलनं शेवटची गाठ मारली, दोर दोनदा हिसकून बघितला आणि खाली उतरली.

"दोर माजा हाय," ती म्हणाली. "व्हळीला परत आनून द्या. उलगडला तर आनू नका."

ट्रॅक्टर चढ चढून गेला. शाळेची घंटा झाली. मंगलची पोरगी धावत आमच्या बाजूनं वर्गात शिरली, तिला उशीर झाला होता, मास्तर रागावले. मी तिथंच उंबऱ्यावर बसून रडले. आनंदाचं का रागाचं ते मला सांगता येणार नाही, दोन्हीचं असेल. ट्रॉलीवर बसून गेलेली लेकरंही दिसत होती ना मला. आमच्याच दोरानं घट्ट बांधून गेलेली.

होळीला दोर परत आला. उसाच्या काजळीनं काळा झालेला, मळीचा वास मारणारा. मंगलनं तो दुपारी उन्हात टाकून इंचाइंचानं तपासला. एक पेड सुटला नव्हता.

नाना आता नाहीत. ती खोली आमच्या संस्थेची झाली, शाळेला नवी इमारत मिळाली. भिंतीवर दोन दोर टांगले आहेत, एक मंगलचा काळा आणि एक माझा, फुललेला. दर कोरड्या भाद्रपदात नवे पालक येतात, आता बापही येतात, आणि मी त्यांच्या हातात आधी माझा देते. उलगडून बघा म्हणते. का उलगडला तेही सांगते, वातीचं सांगते आणि दाराचंही सांगते. काहींना ते आवडत नाही. न आवडो. मग मंगल फरशीवर बसते, सगळ्यांकडे पाठ करून.

काल एक तरुण सून आली होती, कडेवर लेकरू. ती दारातच बसली, उंबऱ्याशी. मंगलनं हात न थांबवता म्हटलं, "दारातली, आत ये. पाठीमागं बस." ती आली. तिच्या हातात पहिला पेड आकार घेत होता आणि बाहेर वळणावर मुकादमाच्या मोटारसायकलचा हॉर्न वाजला. एकदा, दोनदा, मग लांबलचक. त्या सुनेचा हात थांबला. ती उठायला लागली. तिचं नाव त्याच्या वहीत होतं, हे तिच्या तोंडावरच लिहिलेलं होतं.

"वाजू दे त्याला," मंगल म्हणाली. "तू हातातलं सोडू नको. उलगडंल."